सेवापुस्तकात न मावलेले तास

पुणे. अनंत चतुर्दशीनंतरची सकाळ. अलका टॉकीज चौकात गुलालाचा चिखल झालाय, लांबून ढोल अजून ऐकू येतोय. बॅरिकेडला टेकून एक हवालदार बुटाची नाडी सैल करतोय. काल सकाळीही तो इथंच होता. मिरवणूक चोवीस तासांच्या पुढं गेली, तशी त्याची ड्युटीही.

ठाण्यात याला कुणी 'ओव्हरटाइम' म्हणत नाही. 'बंदोबस्त लागलाय', एवढंच. कायद्याची भाषाही तीच. 1951च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 28वं कलम म्हणतं, रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस सदैव कर्तव्यावरच समजायचा. सदैव कर्तव्यावर असलेल्याचा जादा वेळ सुरू तरी कधी होणार? कारखान्यातल्या कामगाराला ठरलेल्या तासांच्या वर दुप्पट दर मिळतो. पोलिसाला साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तर मोबदला असतो. तो पगारात येतो नि तिथंच जिरतो, पेन्शनपर्यंत पोचत नाही.

आता हे टेबल. निवृत्तीला आलेल्या एकाचं सेवापुस्तक. कडा झिजल्यात, शिक्के एकमेकांवर चढलेत. वेतनवाढी आहेत, रजा आहेत, बक्षिसं आहेत, शिक्षाही आहेत. ड्युटीवर उशिरा आल्याबद्दलची शिक्षा इथं सापडू शकते. उशिरा घरी गेल्याची नोंद करायला रकाना नाही.

पेन्शन निघते ती याच पुस्तकावरून. 1 नोव्हेंबर 2005पूर्वी लागलेल्याला, सेवा पुरेशी भरली असेल तर, शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी. समजा बेसिक 60,000. पेन्शन 30,000, वर महागाई. आयुष्यभर बंदोबस्त केलेला हवालदार आणि सहाच्या ठोक्याला घरी जाणारा त्याचा सहकारी, दोघांचं बेसिक सारखं असेल तर आकडा तोच. सहकाऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही, हिशेबच तसा आहे.

बेसिकचं मोल किती, ते 30 जूनला निवृत्त होणाऱ्यांना विचारा. 1 जुलैची वेतनवाढ एका दिवसानं हुकायची. ती पेन्शनमध्ये धरावी म्हणून देशभरातले कर्मचारी कोर्टात गेले, आणि एप्रिल 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भांडण जेमतेम तीन टक्क्यांचं, पण बेसिकमधलं.

न्यूयॉर्क शहरात गंगा उलटी वाहते. जुलै 2009पूर्वी भरती झालेल्या पोलिसाला वीस वर्षांनी निम्म्या पगाराची पेन्शन, आणि त्या पगारात ओव्हरटाइमही धरलेला. शेवटच्या वर्षी जादा ड्युट्या मागून घेतल्या की जन्मभराची पेन्शन वाढते. म्हणून तिथं मर्यादा आली: आधीच्या वर्षापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त वाढ धरायची नाही. कॅलिफोर्नियानं तर 2013पासून नव्या भरतीसाठी ओव्हरटाइम पेन्शनच्या हिशेबातून काढूनच टाकला. तिकडं फुगवण्याची चिंता. आपल्याकडं फुग्याचाच पत्ता नाही.

2005नंतर लागलेल्या पोरांचं काय? राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, त्यांचे दहा टक्के, सरकारचे चौदा. दोन्ही बेसिक आणि महागाई भत्त्यावर. रात्रपाळी, सभा, मोर्चा, यातलं काही त्या खात्यापर्यंत पोचत नाही.

तास कमी करण्याचा प्रयत्न मात्र झाला. 2016 साली मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली. कल्पना एका शिपायाची होती, आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ती उचलली.

अलका चौकात वायरलेस खरखरतो. शेवटचं मंडळ पुढं सरकलंय. हवालदार नाडी पुन्हा आवळतो, बाटलीतलं उरलेलं पाणी तोंडावर मारतो आणि गाडीच्या दिशेनं चालू लागतो. उद्या सकाळी हजेरी आहे.