शब्द पुन्हा सांगाल का?

(माहितीपटाचे निवेदन. दृश्य: बोरी नदीचे कोरडे पात्र. पलीकडे वेचणीला आलेला कापूस. दुरून शाळेची घंटा ऐकू येते.)

दोन वर्षांपूर्वी, जळगाव जिल्ह्याच्या अमळनेर तालुक्यातील बोरीकाठच्या एका गावात, चौथीच्या वर्गात श्रुतलेखन चालू होते. सरांनी 'डोळा' हा शब्द सांगितला आणि खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीने तो वळणदार अक्षरात, न अडखळता, 'डोया' असा लिहिला. वह्या तपासताना तो शब्द मोठ्याने वाचला गेला आणि वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी निम्मी मुले त्याच संध्याकाळी घरी जाऊन आईला 'डोयामा कचरा गया' असेच सांगणार होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

त्या दिवसानंतर ही मुलगी वर्गात बोलेनाशी झाली. उत्तर येत असले तरी हात वर जात नसे आणि प्रश्न ऐकू आला नाही तरी 'पुन्हा सांगा' असे म्हणण्याचा धीर होत नसे. घरी मात्र ती अखंड बोलत असे आणि बोलण्यापेक्षाही अधिक वाचत असे: किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा, खताच्या गोणीवरील मजकूर, एस. टी.च्या खिडकीखाली रंगवलेली सूचना, आजोबांच्या लोखंडी पेटीतील कागद. जे छापलेले आहे ते वाचायचे, आणि त्यातील एखादा शब्द आवडला तर दिवसभर तोंडात घोळवायचा, असा तिचा छंद होता.

(दृश्य: मुलीची वही. पानाच्या मधोमध पट्टीने ओढलेली उभी रेघ.)

ही वही आता जवळजवळ भरली आहे. रेघेच्या डावीकडे घरचे शब्द आहेत आणि उजवीकडे पुस्तकातील. काया आणि काळा, केयी आणि केळी, पानी आणि पाणी, जयगाव आणि जळगाव, धुये आणि धुळे. अशी तीन-चार पाने भरल्यावर तिच्या ध्यानात आले, की आपल्या बोलण्यात चूक नव्हती, नियम होता. प्रमाण मराठीत जेथे 'ळ' येतो तेथे अहिराणीत बहुधा 'य' येतो आणि जेथे 'ण' येतो तेथे 'न' येतो. अहिराणी ही धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांत, तसेच नाशिक जिल्ह्याच्या बागलाण, मालेगाव या भागांत बोलली जाणारी बोली आहे आणि तिला स्वतःचे शिस्तबद्ध उच्चार आहेत. एकदा ही शिस्त कळली, की एका शब्दावरून दुसरा शब्द हिशेबासारखा काढता येतो. 'कयन्यानी भाकर' म्हणणाऱ्या मुलीला 'कळणा' कसा लिहायचा, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

याच जिल्ह्यात, जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बोलत आणि गात गेल्या. टिपून ठेवणारे हात घरातील इतरांचे होते. १९५१ साली त्या गेल्या आणि त्यानंतर त्यांचे शब्द जसे तोंडी होते तसेच छापले गेले. त्यांचा 'वढाय' हा शब्द म्हणजे प्रमाण मराठीतील 'ओढाळ'. पाठ्यपुस्तकात तो 'य' आला की आपण त्याचा अर्थ कौतुकाने समजावून सांगतो आणि तोच 'य' चौथीतील मुलीच्या वहीत आला की त्यावर लाल शाईने फुली मारतो. दोन्ही कामे अनेकदा एकच शिक्षक, एकाच तासाला करीत असतात.

मुलगी पाचवीत गेली, तेव्हा शाळेत नव्या मॅडम आल्या. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा अर्धा तास त्यांनी शब्दांच्या स्पर्धेसाठी राखून ठेवला. वहीत लिहायचे नाही; उभे राहून शब्द एकेक अक्षर सांगत तोंडी बांधायचा. 'महत्त्व' असेल तर म, ह, मग 'तला त, त्याला व'. 'उज्ज्वल' असेल तर उ, 'जला ज, त्याला व', आणि ल. चुकले की खाली बसायचे. मॅडमनी मुलांना एक अधिकार मात्र दिला. शब्द बांधण्याआधी कोणालाही तीन गोष्टी विचारता येतील: शब्द पुन्हा सांगाल का, त्याचा अर्थ काय, आणि तो वाक्यात वापरून दाखवाल का. असे विचारल्यास गुण कापले जाणार नाहीत.

ही रीत त्यांनी अमेरिकेतील स्पर्धेवरून घेतली होती. तेथे १९२५ साली वॉशिंग्टन येथे पहिली राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा झाली, अंतिम फेरीत ९ मुले होती आणि ११ वर्षांच्या फ्रँक न्यूहाउझरने 'ग्लॅडिओलस' या फुलाचे स्पेलिंग सांगून ती जिंकली. १९८५ मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला. २०१९ मध्ये तर ८ मुले शेवटपर्यंत चुकेचनात, म्हणून आठही जणांना विजेते घोषित करावे लागले आणि त्यांतील ७ भारतीय वंशाची होती. या स्पर्धेला 'स्पेलिंग बी' म्हणतात. त्यातील 'बी'चा मधमाशीशी संबंध जोडला जातो. परंतु शेजाऱ्यांनी जमून एखाद्याचे काम हातोहात उरकून देणे, असा त्या शब्दाचा जुना अमेरिकी वापर आहे. आपण ज्याला इर्जिक म्हणतो, तेच. त्या व्यासपीठावर मुलाला शब्दाचा अर्थ विचारता येतो, व्याकरणातील जात विचारता येते, वाक्य मागता येते आणि तो कोणत्या भाषेतून आला हेही विचारता येते.

पहिल्या शनिवारी या मुलीच्या वाट्याला 'आशीर्वाद' हा शब्द आला. ती बराच वेळ उभी राहिली. मग, वर्गातील अनेकांना जिचा आवाज आठवतही नव्हता, ती मुलगी म्हणाली, "मॅडम, शब्द पुन्हा सांगाल का?" मॅडमनी पुन्हा सांगितला. तिने डोळे मिटून ओठांतल्या ओठांत तो म्हटला आणि रफार कोठे बसतो ते ऐकून घेतले: 'शी' आधी उच्चारली जाते, 'र' नंतर येतो, म्हणून रफार 'वा'वर. शब्द बरोबर आला. कोणी हसले नाही, कारण हसण्यासारखे काही घडलेच नव्हते. तिने फक्त नियमाने मिळालेला अधिकार वापरला होता.

(दृश्य: ट्रॅक्टरची ट्रॉली. मागील फळीवर पिवळ्या रंगातील अक्षरे.)

तिच्या काकांच्या ट्रॉलीवर 'आईचा आर्शिवाद' असे रंगवलेले होते. महाराष्ट्रातील रस्त्यांवर हा शब्द जितक्या वेळा चुकीचा लिहिलेला आढळतो, तितका क्वचितच दुसरा आढळत असेल. पुतणीने चूक दाखवल्यावर काकांनी रंगाचे पैसे कोण देणार, असे विचारून विषय संपवला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र, ट्रॅक्टर धुऊन झाल्यावर, पेंटरला बोलावणे गेले. आज त्या फळीकडे निरखून पाहिले, तर पुसलेल्या रफाराची फिकट खूण अजून दिसते.

सहावीच्या वर्षी शब्दांविषयीचे तिचे प्रश्न वाढत गेले. आजोबांच्या पेटीतील जुन्या सातबाऱ्यावर 'गांव' असे छापलेले होते आणि शाळेच्या पुस्तकात 'गाव' होते. उच्चारात नसलेला तो अनुस्वार कोणी काढला, असे तिने विचारले. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे १४ नियम केले, राज्य शासनाने ते १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. उच्चारात न येणारे अनुस्वार त्या वेळी गेले, असे मॅडमनी सांगितले. त्यातून मुलीला जी गोष्ट उमगली ती आम्हाला मोलाची वाटते. शब्द लिहिण्याची रीत आभाळातून पडलेली नसून माणसांनी बसून ठरवलेली आहे, तेव्हा ती का ठरवली हे विचारता येते. 'फूल' दीर्घ असताना 'फुलाला' ऱ्हस्व का होते, 'जीव' आणि 'जिवाला' यांत नेमके काय घडते, हे तिने पाठांतर म्हणून स्वीकारले नाही. दोन्ही रूपे मोठ्याने उच्चारून, स्वर कोठे आखडतो हे ऐकून, तिने ते पटवून घेतले.

सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर अमळनेरच्या बाजाराला गेली, की ती वाचनालयात बसू लागली. तेथे तिने महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड प्रथम पाहिले आणि एका भाषेत इतके शब्द असू शकतात, याचे तिला हसू आले. याच अमळनेरात १९५२ साली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी कृ. पां. कुलकर्णी होते, ज्यांनी मराठीचा व्युत्पत्तिकोश रचला. शेजारच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी इतिहासाच्या कागदांबरोबर मराठी क्रियापदांचे धातूही, म्हणजे मूळ रूपेही, गोळा केले. खानदेशाची ओळख कापूस, केळी आणि भरीत यांवर संपवणाऱ्यांनी हे दोन पत्तेही लक्षात ठेवावेत.

(दृश्य: सभागृह. खुर्च्यांच्या रांगा. माइकची उंची कमी करणारा हात.)

त्याच वर्षी ती इंग्रजी स्पेलिंगच्या तालुका पातळीवरील स्पर्धेत उतरली. मराठीत अक्षर ऐकून बहुतांश शब्द लिहिता येतो, अडचण येते ती ऱ्हस्व-दीर्घाची आणि जोडाक्षरांची. इंग्रजीत तसे नाही. तेथे 'नाइफ'च्या आरंभी मुका 'के' उभा असतो, ग्रीकमधून आलेल्या 'सायकॉलॉजी'च्या दारात 'पी' असतो, आणि शब्दाचे मूळ ठाऊक असेल तरच या मुक्या अक्षरांचा माग लागतो. म्हणूनच मूळ भाषा विचारण्याला तेथे एवढे महत्त्व आहे.

चौथ्या फेरीत तिला शब्द आला, 'माँगूस'. तिने शब्द पुन्हा मागितला. नंतर, भरलेल्या सभागृहात, "सर, हा शब्द कोणत्या भाषेतून आला आहे?" असे विचारले. परीक्षकांनी हातातील कागद उलटून पाहिला. त्यावर मूळ दिलेले नव्हते, आणि त्यांनी तसे प्रांजळपणे सांगितले. एम, ओ, एन, जी, ओ, ओ, एस, असे म्हणून ती थांबली. शेवटचा 'ई' राहिला. घंटी वाजली आणि ती खाली उतरली.

परतीच्या एस. टी.त मॅडमनी फोनवर शब्दकोश उघडून तिच्यापुढे धरला. इंग्रजांनी हा शब्द मराठीतील 'मुंगूस'वरून, पोर्तुगीजांच्या मार्गे उचलला, असे त्यात लिहिले होते. "म्हणजे आपलाच होता?" असे ती म्हणाली आणि पारोळ्याचा फाटा येईपर्यंत हसत राहिली. बक्षीस न मिळाल्याचा विषय त्या प्रवासात निघाला नाही. घरी पोचल्यावर आजीने विचारले, "काय लिखी ऱ्हायनी व माय?" आणि तिने वहीच्या नव्या पानावर दोनऐवजी तीन रकाने आखलेले आजीला दाखवले.

आम्ही चित्रीकरणासाठी तिच्या घरी गेलो, तेव्हा चुलीवर रस्सा उकळत होता आणि आई त्यात बेसनाच्या वड्या सोडण्याच्या तयारीत होती. या पदार्थाला खानदेशात डुबुकवड्या म्हणतात. मुलीने आम्हाला विचारले, की 'डुबुक'मधील 'बु' ऱ्हस्व लिहायचा की दीर्घ? मराठी शब्दात शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा उकार दीर्घ असतो, त्या हिशेबाने तो दीर्घ हवा. पण हा आवाजावरून घडलेला शब्द आहे आणि 'दुडुदुडु', 'रुणुझुणु' यांसारखे नादावरून आलेले पुनरुक्त शब्द नियमानेच ऱ्हस्व ठेवले आहेत. हा शब्द पुनरुक्त नाही, मग त्याला ती सवलत मिळेल का?

आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. तिने ध्वनिमुद्रकाकडून हेडफोन मागून घेतला, कानांवर बसवला आणि माइक पातेल्याच्या काठाशी धरायला सांगितला. आईने पहिली वडी सोडली. मुलीने पेन्सिल टेकवली, क्षणभर थांबली आणि पुन्हा उचलली.

"माय, आखो एक टाक."