आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी

(खानापूर तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात दहावीची मुलं आणि पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलांनो, रासायनिक समीकरण संतुलित करायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे करायच्या रीतीला प्रयत्न-प्रमाद पद्धत म्हणतात. त्यातल्या ‘प्रमाद’ला तुम्ही फार भिता. आकडा चुकला की लगेच खोडरबर. पान फाटेपर्यंत खोडायचं आणि मग शेजारच्या वहीतलं उत्तर उतरवायचं. वही तपासताना मी मात्र त्या खोडलेल्या जागेतच डोळे घालून बसतो, कारण तुमचा विचार तिथं असतो.

घरच्या गॅसचंच घेऊ. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. ब्युटेनच्या रेणूत कार्बनचे ४ अणू, हायड्रोजनचे १०. पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. कार्बन ४, म्हणून कार्बन डायऑक्साइडपुढे ४ लिहा. हायड्रोजन १०, पाण्याच्या रेणूत २, म्हणून पाण्यापुढे ५. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजा: ८ आणि ५, झाले १३. डावीकडे तर ऑक्सिजन जोडीनंच येतो! इथं बरीच मुलं पेन खाली ठेवतात. अरे, साडेसहा लिहा की. मग सगळ्यांची दुप्पट करा: ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. ऑक्सिजनचे अणू इकडे २६, तिकडे १६ आणि १०. जुळलं.

ऑक्सिजन शेवटी का? डावीकडे तो दुसऱ्या कुठल्या मूलद्रव्याशी जोडलेला नाही. त्याच्यापुढचा आकडा कितीही बदला, दुसऱ्या कुणाचा हिशेब बिघडत नाही. त्याच्यापासून सुरुवात केलीत, तर कार्बन जुळवताना तो पुन्हा हलेल, हायड्रोजन जुळवताना पुन्हा. म्हणजे ही पद्धत अंदाजपंचे नाही. कुठून सुरुवात करायची, याला डोकं लागतं.

एक चूक मात्र मी चालवून घेत नाही. ऑक्सिजन कमी पडला म्हणून पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहायचा. ते पाणी राहिलं का? ते हायड्रोजन पेरॉक्साइड झालं! पुढचा आकडा रेणू किती ते सांगतो, खालचा आकडा पदार्थ कोणता ते. पदार्थ बदलायचा हक्क आपल्याला नाही.

पालकांनाही एक सांगतो. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की मराठी शाळेतली आपली मुलं इंग्रजी शब्दांपुढे बावरतात. ‘अभिकारक’चा ‘रिअॅक्टंट’ होतो. पण सूत्रं तीच, अणूंची मोजणी तीच. ती आत्ताच हातात बसली, तर तिथं फक्त शब्द शिकायचे उरतात.

आता तुमची पाळी. बेळगावात यमनापूरला बॉक्साइट या खनिजापासून अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, करतात. त्यातली शेवटची पायरी अशी: अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड तापवलं की अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि पाणी. हायड्रॉक्साइडमध्ये अॅल्युमिनियम १, ऑक्सिजन ३, हायड्रोजन ३. ऑक्साइडमध्ये अॅल्युमिनियम २, ऑक्सिजन ३. वह्या काढा. खोडरबर दप्तरातच राहू दे, चुकलं तर नुसती एक रेघ मारा.