एका एक्सचेंजवर सात भाडेकरू

(पडद्यावर: पणजी, कदंब बसस्थानकाच्या बाजूने पाटो. सकाळची गर्दी, ऑफिसांच्या पाट्या.)

पाटोवर जागा स्वस्त मिळत नाही. म्हणून एकाच मजल्यावर सात ऑफिसं. एक सी.ए., एक वकील, एक शिपिंग एजंट, एक विम्यावाले, एक आर्किटेक्ट आणि शेजारी शेजारी दोन टूरवाले, तेही एकाच धंद्यातले. रिसेप्शन एक, पाण्याचा कूलर एक, फोनचं एक्सचेंज, म्हणजे आतले सगळे फोन जोडणारं यंत्र, तेही एकच. भाडेकरारात त्याबद्दल एवढंच असतं: ‘टेलिफोनची सोय आहे.’

डिसेंबरचे दिवस आहेत असं समजा. पहिल्या टूरवाल्याकडे फोन वाजतोय आणि उचलायला टेबलावर कुणी नाही. शेजारच्या ऑफिसातली मुलगी सवयीने आपल्या फोनवर स्टार आठ दाबते, म्हणजे दुसरीकडे वाजणारा फोन आपल्याकडे घ्यायचा पिकअपचा कोड, आणि बोलते, ‘हां, बोला.’ पलीकडे पुण्याचं एक कुटुंब, आठ माणसं, चार दिवस, गाडीसकट. बुकिंग झालं, पण भलत्याच ऑफिसात. फसवायचा कुणाचा विचारही नव्हता. एक्सचेंजला ही दोन ऑफिसं वेगळी आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं.

(पडद्यावर: जिन्याखालचं कपाट. टॅग ब्लॉक (वायरी जोडायची पट्टी), वायरींचा गुंता, लुकलुकणारे दिवे.)

ऑफिसांच्या मधे प्लायवूडची पार्टिशनं आहेत. या कपाटात मात्र सगळ्यांच्या वायरी एकाच ब्लॉकवर येतात. इथली भिंत प्रोग्रॅमिंगमध्ये घालावी लागते.

मोठ्या एक्सचेंजमध्ये ही सोय जुनी आहे. अव्हाया कंपनीच्या यंत्रांत तिला टेनंट पार्टिशनिंग म्हणतात. प्रत्येक भाडेकरूला एक पार्टिशन मिळतं आणि मुळात ती एकमेकांना बंद असतात. पार्टिशन १ तेवढं सगळ्यांना खुलं. रिसेप्शन तिथे बसवायचं.

छोट्या ऑफिसांत आता ॲस्टेरिस्कही दिसतं. हे साध्या कॉम्प्युटरवर चालणारं एक्सचेंजचं सॉफ्टवेअर. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं, कारण स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी तयार एक्सचेंज विकत घेणं त्याला परवडत नव्हतं. यात भिंतीला कॉन्टेक्स्ट म्हणतात. ज्या फोनचा जो कॉन्टेक्स्ट, त्यात लिहिलेले नंबरच त्या फोनला लागतात. जे लिहिलेलं नाही ते त्या फोनपुरतं अस्तित्वातच नसतं. त्यामुळे वकिलांकडे २०१ आणि सी.ए.कडेही २०१, असं खुशाल चालतं.

आता खरी गंमत, आणि खरी डोकेदुखीही. एक्सटेन्शन ते एक्सटेन्शन कॉल बंद करणं पाच मिनिटांचं काम. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि हात झटकतात. पण नंबर फिरवणं हा पुढचा दरवाजा झाला. मागचे दरवाजे वेगळेच असतात.

पहिला मागचा दरवाजा त्या स्टार आठचा. ॲस्टेरिस्कमध्ये पिकअपचे ग्रुप ० ते ६३ असे आकड्यांनी ओळखले जातात आणि ते आकडे कॉन्टेक्स्ट बघत नाहीत. एक्सचेंज बसवणाऱ्याने दोन्ही टूरवाल्यांना ग्रुप १ दिला की संपलं. नंबर लावून एकमेकांशी बोलता येत नाही, पण एकमेकांचे फोन उचलता येतात!

दुसरा पार्किंगचा. रिसेप्शनवरची ताई आलेला कॉल ७०० वर ठेवते. यंत्र सांगतं, ‘७०१’. वकिलांनी ७०१ लावायचं आणि बोलायचं. हे मुळातलं पार्किंग सगळ्यांचं एकच असतं. त्यात सगळ्यांना शिरू दिलं, तर वकिलांचा अशील ७०१ वर ताटकळत असताना विम्यावाल्यांकडून कुणी चुकून तोच आकडा दाबू शकतो. प्रत्येक भाडेकरूचं पार्किंग वेगळं काढता येतं. काढायला हवं.

तिसरा दरवाजा दिव्यांचा. टेबलावरच्या मोठ्या फोनवर कोण बोलतंय हे दाखवणारे लाल दिवे असतात. शेजारच्याचा दिवा आपल्या फोनवर पेटत असेल, तर त्याचा एक शब्दही न ऐकता त्याचा धंदा कसा चाललाय ते दिवसभर बसल्या जागी कळतं. माझ्या मते सात ऑफिसांत सगळ्यांत कमी बोललं जाणारं आणि सगळ्यांत जास्त टोचणारं हेच.

(पडद्यावर: मजल्याचा बोळ. एका दारातून निघून शेजारच्या दारात जाणारा माणूस, हातात फाइल.)

मग दोन भाडेकरूंना एकमेकांशी बोलायचंच असेल तर? शिपिंगवाल्याला सी.ए. हवाच असतो. त्याने बाहेरचा नंबर लावावा. कॉल पीआरआय लाइनवरून, म्हणजे एकाच वेळी अनेक कॉल नेणाऱ्या टेलिफोन कंपनीच्या लाइनवरून, बाहेर जातो आणि त्याच लाइनवरून परत आत येतो. पीआरआयवर तीस चॅनल असतात, त्यातले दोन या एका कॉलने अडवले. भिंतीपलीकडे जायला म्हापशावरून वळसा घातल्यासारखं. तरी काही मालकांना हेच बरं वाटतं, कारण सी.ए.ला हा कॉल बाहेरच्या कुणाही गिऱ्हाइकासारखाच दिसतो आणि बिलातही नीट लागतो. वळसा नको असेल तर दोघांच्या संमतीने तेवढी एक वाट उघडायची. ती दोन्ही बाजूंनी वेगवेगळी लिहावी लागते. शिपिंगवाला सी.ए.ला लावू शकतो याचा अर्थ सी.ए. शिपिंगवाल्याला लावू शकतो असा होत नाही.

बंद करण्याच्या भरात एक गोष्ट हमखास राहते. पुष्कळ ठिकाणी एक्सटेन्शन १०१ पासून सुरू करतात. दिसायला सुटसुटीत. पण १०१ म्हणजे अग्निशमन दल आणि १०८ म्हणजे रुग्णवाहिका. आग लागली आणि घाबरलेल्या माणसाने १०१ लावलं, तर वाजणार सी.ए.च्या टेबलावर. एक्सटेन्शन २०१ पासून घ्या. ११२, १०१, १०८ प्रत्येक भाडेकरूच्या यादीत घाला आणि बाहेरच्या लाइनचा शून्य न दाबताही लागतील असे ठेवा. अशा वेळी शून्य कुणाला आठवतो?

शून्याचा आणखी एक घोळ. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावावा लागतो. बऱ्याच जुन्या एक्सचेंजमध्ये एसटीडी बंद ठेवायची म्हणजे दुसरा शून्य (पहिला बाहेरच्या लाइनचा) अडवायचा, अशी साधी युक्ती असे. अख्ख्या गोव्याला ०८३२ हा एकच कोड, त्यामुळे गोव्यातल्या गोव्यात कुणाचं काही अडत नव्हतं. नवा नियम आला आणि अशा ठिकाणी मोबाइलच लागेनासे झाले. भाडेकरूंना वाटलं, मालकाने मुद्दाम बंद केलं.

(पडद्यावर: तंत्रज्ञ आणि इमारतीचे मॅनेजर, हातात चौकटी आखलेला कागद.)

‘बाब, किती वेळ लागणार?’
‘प्रोग्रॅम झाला. आता तपासायचं. सात ऑफिसं, जाता-येता ४२ जोड्या.’
‘सगळ्या?’
‘सगळ्या. वर पिकअप, पार्किंग, ट्रान्सफर वेगळं.’

ट्रान्सफर तपासताना तो बाहेरून आलेला कॉल घेतो आणि शेजारच्या ऑफिसला सोडायचा प्रयत्न करतो. सरळ लावताना बंद असलेली वाट इथे पुष्कळदा उघडी सापडते. कॉल सोडताना कोणता कॉन्टेक्स्ट धरायचा हे वेगळं सांगितलं नसेल, तर यंत्र आपल्या मनाने एक धरतं. अडलेल्या कॉलवर काय ऐकू येतं तेही तो बघतो. नुसता बिझी टोन ठेवला तर लोक दिवसभर लावत बसतात. ‘हा नंबर या फोनवरून लागत नाही’ एवढं रेकॉर्डिंग पुरतं. कोकणीत, मराठीत, इंग्रजीत.

शेवटी तो आर्किटेक्टच्या खोलीत येतो. तीन महिन्यांपूर्वी इथे दुसरंच कुणी होतं. व्हॉइसमेल लावून बघतो, तर जुन्या भाडेकरूचा आवाज अजून नमस्कार करतोय आणि पेटीत निरोप पडून आहेत. मॅनेजर ऐकायला पुढे होतात. तो फोन ठेवतो. ‘ते निरोप त्यांचे. आधी त्यांना कळवा, मग मी पुसतो.’