किलोत मोजलेला कचरा

मित्रहो, ही एक वस्तू आधी हातोहात फिरू द्या. संगणकातली जुनी हार्ड डिस्क आहे, झाकण काढलेली. आरशासारखी चकचकीत तबकडी दिसेल, तिच्यावर टेकणारा बारीक दांडा, आणि दांड्याच्या मुळाशी कोपऱ्यात दोन चपटे वाकडे चुंबक. ते सुटे झाले तर बोटं जपा, मध्ये सापडलं की कातडी चांगलीच चिमटते. हे निओडिमियम या दुर्मिळ मृदा मूलद्रव्याचे चुंबक. अख्खी डिस्क अर्ध्या किलोच्या वर, चुंबक मात्र काही ग्रॅमचे. मला मुख्यतः या काही ग्रॅमबद्दल बोलायचं आहे.

ही डिस्क पुनर्वापराच्या मोठ्या कारखान्यात गेली की बहुतेक वेळा थेट तुकडे करणाऱ्या यंत्रात पडते. अॅल्युमिनियम वेगळं होतं, लोखंड वेगळं होतं. चुंबक ठिसूळ असतो. त्याचा चुरा होतो आणि स्वभावाप्रमाणे तो लोखंडाच्या तुकड्यांना चिकटून बसतो. तिथून तो पोलादाच्या भट्टीत जातो आणि मळीत, म्हणजे धातू वितळताना उरणाऱ्या टाकाऊ भागात संपतो. कागदावर ही डिस्क जवळजवळ पूर्ण रिसायकल झालेली असते. लबाडी कुणीच केलेली नाही, वजन खरोखर भरलं आहे.

2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला फक्त 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. गोळा करणं हे मोठं आव्हान आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण गोळा झाल्यानंतर काय हाती लागतं, हे आपण फारसं विचारतच नाही. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची जगाची गरज ई-कचऱ्यातून जेमतेम 1 टक्का भागते. ती नव्याने खाणीतून काढताना डोंगर फोडावे लागतात, आम्लं वापरावी लागतात, आणि इकडे तीच मूलद्रव्यं आपण मळीत टाकतो.

सोन्याचं तसं होत नाही, कारण ते तांब्यात विरघळतं. सर्किट बोर्ड तांब्याच्या भट्टीत घातले की सोनं, चांदी, पॅलेडियम तांब्याच्या पाठीवर बसून बाहेर येतात, मग विद्युत अपघटनाने वेगळे करता येतात. त्याच बोर्डावरच्या बारीक कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या सुट्या भागातला) टँटलम हा धातू मात्र तांब्याबरोबर येत नाही, मळीत जातो. म्हणजे बोर्ड कुठल्या भट्टीत टाकला, तिथेच काय वाचणार आणि काय बुडणार हे ठरून जातं.

कायद्याने इथेच लक्ष घालायला हवं. युरोपीय संघाने 2019 पासून गोळा करण्याचं उद्दिष्ट 65 टक्के ठेवलं, तेही बाजारात आलेल्या मालाच्या सरासरी वजनाच्या हिशोबाने. ज्याचं माप वजनाचं, त्याची धाव वजनाकडेच असणार. फ्रीज, कपडे धुण्याची यंत्रं आली की आकडा भरभर चढतो. मोबाइल शेकड्यांनी आणले तरी काटा फारसा हलत नाही.

आता ज्यांच्याकडे आपण आरोपीसारखं बघतो, त्या हाताने काम करणाऱ्यांविषयी. उघड्यावर केबल जाळणं, बोर्डावर आम्ल ओतणं हे भयंकर आहे. तो धूर, ते शिसं आधी त्यांच्याच मुलांच्या रक्तात जातं, आणि ते थांबलंच पाहिजे. पण त्याच माणसाचा दुसरा हात पाहा. सहा पाकळ्यांच्या पेचकसाने तो डिस्क उघडतो आणि चुंबक अख्खा बाहेर काढतो. हे ते महागडं यंत्र करत नाही. म्हणून सरसकट बंदीपेक्षा काम वाटून घेणं शहाणपणाचं: उकलणं हातांनी, बोर्ड भट्टीला. त्यासाठी आम्लातून सुटणाऱ्या सोन्यापेक्षा बोर्डाचा भाव त्या माणसाला जास्त मिळाला पाहिजे. वरचा फरक उत्पादकांच्या निधीतून भरता येतो. नुसत्या धाडी टाकल्या तर काम दोन गल्ल्या पलीकडे सरकतं.

उत्पादकाच्या जबाबदारीची कल्पना 1990 च्या सुमारास स्वीडनमध्ये संशोधक थॉमस लिंडक्विस्ट यांनी मांडली. तिचा गाभा असा की विल्हेवाटीचा खर्च उत्पादकावर पडला तर तो वस्तूच सोपी बनवेल. पुढे बहुतेक ठिकाणी झालं काय? कंपन्यांनी विल्हेवाटीसाठी सामायिक संस्था काढल्या आणि खर्च विकलेल्या मालाच्या प्रमाणात वाटून घेतला. मग बॅटरी डिंकाने चिकटवणारा आणि स्क्रूने बसवणारा, दोघांचं बिल सारखंच! ज्याने मेहनत घेतली त्याला काय मिळालं? चिकटवलेली बॅटरी उचकटताना भोक पडलं तर ती पेट घेते, आणि तो धोका उकलणाऱ्याच्या वाट्याला येतो. कंपन्या या संस्थांना देतात ते शुल्क वस्तूच्या रचनेप्रमाणे कमीजास्त करायलाच हवं.

आणि उद्दिष्टं मूलद्रव्यागणिक हवीत. हे अशक्य आहे असं मला अनेकदा ऐकवलं जातं. पण युरोपच्या 2023 च्या बॅटरी कायद्यात तेच केलं आहे. जुन्या बॅटऱ्यांतून लिथियम 2027 अखेर 50 टक्के आणि 2031 अखेर 80 टक्के परत मिळवायचं. कोबाल्ट, निकेल आणि तांब्यासाठी हेच आकडे 90 आणि 95 आहेत. एकूण वजन कितीही भरलं तरी लिथियमची सुटका नाही. चुंबकांसाठी तिथे 2024 च्या कायद्याने पहिली पायरी टाकली: कपडे धुण्याच्या यंत्रासारख्या वस्तूंवर, आत कायमस्वरूपी चुंबक आहे का आणि कुठल्या जातीचा, हे पुढे लिहावं लागेल. ते लिहिलेलं असलं की उकलणाऱ्याला निदान कळेल, कुठला पेच आधी फिरवायचा.