पपनसाचं सरबत आणि गायकवाडांचे तह

(दृश्य : मांडवी, सकाळची गर्दी)

मांडवीच्या कमानी मागे टाकून फतेगंजकडे निघालं की जुना कँप लागतो. गायकवाडांच्या बडोद्याला खेटून इंग्रजांची छावणी. 1802, 1805, 1817, तहांवर तह झाले. कागदावर दोन सरकारं. तैनाती फौज इंग्रजांची, तिच्या खर्चासाठी मुलूख गायकवाडांचा.

9 नोव्हेंबर 1874. रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून येतात. टेबलावर नेहमीचं पपनसाचं सरबत. एक-दोन घोट घेतात, बरं वाटेना म्हणून उरलेलं बाहेर ओततात. पेल्याच्या तळाशी काळसर गाळ. डॉक्टर सांगतात, सोमल आहे, म्हणजे आर्सेनिकचं विष, आणि हिऱ्याची पूड.

संशय थेट महाराजांवर. मल्हारराव काही धुतल्या तांदळाचे नव्हते, रयत त्यांना विटली होती. पण ज्याच्याशी तह केला त्या राजाचा न्याय करायचा कोणी, आणि कुठल्या कायद्यानं?

सरकारनं कोर्ट नेमलंच नाही. नेमला आयोग. जानेवारी 1875 मध्ये महाराजांना आधी अटक, चौकशी फेब्रुवारीत. बंगालचे सरन्यायाधीश काउच अध्यक्ष, सोबत मीड आणि मेलव्हिल. हे मेलव्हिल पुढे बडोद्यातच एजंट झाले! हिंदी सदस्य तीन : जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. बचावाला थेट विलायतेहून वकील सार्जंट बॅलंटाइन. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी, त्याच्या पट्ट्यात पोलिसांना उशिरानं 'सापडलेली' सोमलाची पुडी. उलटतपासणीत बॅलंटाइननी ती पार पिंजून काढली.

निकाल तीन विरुद्ध तीन. तिन्ही इंग्रजांना महाराज दोषी वाटले, तिन्ही हिंदी सदस्यांना गुन्हा शाबीत झालेला दिसला नाही.

(दृश्य : कीर्तिमंदिर. निवेदन नाही.)

एप्रिलमध्ये मल्हारराव पदच्युत. कारण दिलं गैरकारभाराचं. रवानगी मद्रासला, तिथेच 1882 मध्ये मृत्यू. गादीवर कवळाण्याचा गोपाळ, म्हणजे आपले सयाजीराव.

तहातल्या राजावर आपला अधिकार चालवायची बडोद्यात आडून केलेली गोष्ट मणिपूरच्या उठावानंतर उघड छापली गेली. ऑगस्ट 1891 चं सरकारी राजपत्र म्हणतं, महाराणीचं हिंदुस्थान सरकार आणि तिच्या अधिसत्तेखालची, म्हणजे सर्वोच्च सत्तेखालची, संस्थानं यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लागूच नाहीत. तह मात्र रद्द केले नाहीत.

पुढे इंग्रज सरकार आणि संस्थानांचे संबंध तपासणाऱ्या बटलर समितीपुढे संस्थानिकांनी बॅरिस्टर लावले, तहांवर बोट ठेवून हक्क मागितले. 1929 च्या अहवालात उत्तर आलं : अधिसत्ता ही अधिसत्ताच राहिली पाहिजे. तिची व्याख्या करायचं समितीनं टाळलं.