नितळ पाण्याचा भरवसा

श्रोतेहो, नमस्कार.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची मोठी साथ आली. तिथल्या सार्वजनिक पंपाचं पाणी आवडतं म्हणून दूर राहायला गेलेली एक बाई ते मुद्दाम घरी मागवायची. तिच्या नव्या वस्तीत साथीचा मागमूस नव्हता, तरी ती पटकीनंच गेली. साथीचं मूळ त्या पंपात आहे, हे दाखवताना डॉ. जॉन स्नो यांनी तिचा दाखला दिला.

म्हणजे चवीवर आणि नितळपणावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. विष्ठेतले जंतू पाण्यात मिसळले, तरी ते डोळ्यांना दिसत नाहीत. विषमज्वर, हगवण आणि कावीळ याच वाटेनं येतात. त्यातही हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते.

प्रयोगशाळा प्रत्येक रोगाचा जंतू शोधत बसत नाही. ती आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू शोधते, कारण तो सापडला म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळलीय. १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही असता कामा नये.

क्लोरीन बहुतेक जंतू मारतं, मात्र त्याला अर्धा तास तरी द्यावा लागतो. पाणी गढूळ असेल तर गाळाआड जंतू वाचतात, म्हणून आधी गाळायचं. आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर क्लोरीनला जुमानतच नाही. १९९३ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या, शुद्धीकरण झालेल्या पाण्यातून त्यानं सुमारे ४ लाख लोकांना आजारी पाडलं. तो मरतो उकळण्यानं. पाणी खळखळा उकळू लागल्यावर एक मिनिट पुरतं. उगाच इंधन जाळायला नको.

शुद्ध केलेलं पाणी वाटेतही बिघडतं, आणि याकडे फार कमी लक्ष जातं. पुरवठा बंद झाला की नळातला दाब उतरतो आणि फुटक्या जागेतून बाहेरचं सांडपाणी आत ओढलं जातं. घरात तर आपला हातच पुरतो! पाण्यात बोटं बुडवू नका. झाकणाचं, तोटीचं भांडं वापरा.

इतकं करूनही जुलाब लागलेच, तर पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात जलसंजीवनीची अख्खी पुडी विरघळवा आणि थोडं थोडं पाजत राहा. बाळाचं अंगावरचं दूध तोडू नका. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले किंवा लघवी होईनाशी झाली, तर थेट दवाखाना गाठा.