थंडीची भाजी ऑक्टोबरच्या उन्हातच लावायची: चला, भोगीपासून उलटं मोजूया

नमस्कार मंडळी. आज १५ ऑक्टोबर, सकाळचे साडेआठ वाजलेत आणि मी ठाण्यात घोडबंदर रोडला, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर उभी आहे. मागे ती हिरवी रांग दिसतेय ना, ते येऊरचे डोंगर. पाऊस गेला, ऊन तापायला लागलंय, आणि गेले आठ दिवस लिफ्टमध्ये भेटणारं प्रत्येक माणूस मला एकच विचारतंय, ‘थंडी पडली की भाज्या लावायच्या आहेत, कधी लावू?’

थंडी पडायची वाट बघू नका. आजच्या व्हिडिओत मला एवढंच सांगायचंय.

आपण इंटरनेटवर थंड देशांतले बागकामाचे व्हिडिओ बघतो. तिकडे पहिलं हिम पडायच्या आत लोक शेवटचे टोमॅटो काढून घेतात, वाफ्यांवर पानांचा थर घालतात आणि वसंत ऋतूपर्यंत बियाण्यांचे कॅटलॉग चाळत बसतात. त्यांची थंडी म्हणजे विश्रांती. आपल्याकडे जानेवारीतल्या रात्रीही साधारण १६ ते २० अंशांच्या घरात असतात. म्हणजे आपली थंडी हाच भाजीचा खरा हंगाम. पण तो लहान असतो. फेब्रुवारी सरता सरता तो संपतोसुद्धा.

काही वर्षांपूर्वी मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, छान गार वारा सुटल्यावर, टोमॅटोचं बी टाकलं. जानेवारीत रोपं कुंडीत लावली, झाडं कमरेएवढी झाली, फुलं लागली फेब्रुवारीच्या शेवटी. तोपर्यंत रात्रीही उकडायला लागलं होतं. टोमॅटोचं असं असतं, की रात्रीचं तापमान २१ अंशांच्या वर राहायला लागलं की फळ धरणं कमी होतं आणि फुलं देठापाशी पिवळी होऊन गळतात. रोज सकाळी कुंडीखाली गळलेली फुलं वेचताना मला फार वाईट वाटायचं. झाड निरोगी होतं, माती चांगली होती. चुकली होती ती फक्त तारीख.

तेव्हापासून मी भोगीपासून उलटं मोजते.

[कॅमेरा भिंतीवरच्या कॅलेंडरवर]

हे बघा, १३ जानेवारी, भोगी. त्या दिवशी आपण वांगी, गाजर, वालपापडी, घेवडा, ओला हरभरा, शेंगदाणे, बोरं, सगळं एकत्र करून तिळाच्या कुटातली भाजी करतो आणि बाजरीच्या भाकरीशी खातो. म्हणजे या दिवसांत काय पिकतं याची यादी आपल्या घरात पिढ्यानपिढ्या आहेच. आजपासून भोगीला बरोबर ९० दिवस आहेत. प्रत्येक भाजीला लागणारे दिवस १३ जानेवारीतून वजा करायचे, की पेरणीची तारीख हातात.

सगळ्यात आधी वांगं. बियाण्यापासून रोप तयार व्हायला चार-पाच आठवडे, आणि कुंडीत लावल्यावर पहिलं वांगं यायला साधारण दोन महिने. म्हणून माझं वांग्याचं बी मी घटस्थापनेला टाकते. घरात घटाभोवती धान्य रुजतं, बाहेर गॅलरीत वांग्याचा आणि टोमॅटोचा ट्रे. ही बघा रोपं, चार-पाच पानांवर आलीत. दिवाळीत ती मोठ्या कुंडीत जातील. नाताळच्या सुमाराला वांगी सुरू. आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग सुरू. त्यामुळे उशीर झाला असं घरात कुणाला वाटतही नाही. तुम्ही बी टाकलं नसेल तर आता टाकू नका, नर्सरीतून तयार रोप आणा आणि महिना वाचवा.

वालपापडीची गंमत वेगळी आहे. हा बघा वेल, जूनमध्ये लावलेला. पावसाळाभर नुसता पानांनी माजला होता, एक फूल नाही. वेलाचा वाल दिवस लहान व्हायची वाट बघतो. जूनमध्ये आपला दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, आता तो बारा तासांच्या खाली आलाय, आणि हे बघा, जांभळे तुरे. पावसात फुलं नाहीत म्हणून वेल उपटून टाकणारे लोक मी पाहिलेत, माझा जीव तुटतो. ज्यांच्याकडे वेल नाही त्यांनी बुटक्या जातीचा वाल आज टोकावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ‘कोकण भूषण’ हे वाण तसं आहे, मांडव लागत नाही आणि दोनेक महिन्यांत शेंगा येतात. रायगडात भात कापून झालं की त्याच जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात, वरून पाणी नाही. पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजायला, जातात त्या शेंगा त्याच. म्हणून कुंडीतल्या वालालाही पाणी बेतानंच द्या.

आता खाली जाऊ, कारण तारखेइतकंच महत्त्वाचं आहे ऊन.

[गॅलरी]

‘पावसाळ्यात माझी गॅलरी छान असते, थंडीत अंधारते, झाडं लांबतात’ अशी तक्रार मी फार ऐकते. त्याला कारण आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत ठाण्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर, किंबहुना जरासा उत्तरेलाच असतो. मग तो दक्षिणेला सरकत जातो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, तो दक्षिणेला, क्षितिजापासून फक्त ४७ अंशांवर असतो. म्हणजे तुमच्या दक्षिणेला ६० मीटर उंच टॉवर असेल तर त्याची सावली भर दुपारी ५५ मीटरच्या आसपास लांब पडते. घोडबंदर रोडला काय किंवा खारघरला काय, दोन इमारतींमध्ये एवढी जागा कुठे असते?

उलट ज्यांची गॅलरी दक्षिणेला आणि समोर मोकळं, त्यांची चंगळ. उन्हाळ्यात वरच्या स्लॅबमुळे आत न येणारं ऊन डिसेंबरमध्ये थेट आत शिरतं. उत्तरेच्या गॅलरीत मात्र सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत थेट ऊन येतच नाही. तिथे टोमॅटो-वांग्याचा हट्ट धरू नका, पुदिना ठेवा आणि गच्चीवर कोपरा मागून घ्या.

डिसेंबरचं ऊन आज कसं ओळखायचं? हे मला फार उपयोगी पडलंय, नीट बघा. संध्याकाळी ऊन नसताना दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं. हात पूर्ण ताठ करायचा, मूठ आडवी धरायची. मुठीचा खालचा काठ डोळ्याच्या रेषेत, क्षितिजावर. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. मुठीवर मूठ रचत जायचं, एक, दोन, तीन, चार, आणि पाचवी अर्ध्याहून थोडी जास्त. त्या उंचीवर तुम्हाला आकाश दिसतंय का इमारत? आकाश दिसलं तर डिसेंबरची दुपार तुमची. डावीकडे आणि उजवीकडे सूर्य याहूनही खाली असतो, तिकडेही बघून घ्या. कुंड्या जड व्हायच्या आधी हे करा, भरलेली कुंडी नंतर कुणी हलवत नाही.

[पुन्हा गच्ची, प्लास्टिकवर पसरलेली माती]

आता माती. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, मला ते ऊन मातीसाठी हवं असतं. चार महिन्यांत आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुंडीतला नत्र त्याबरोबर वाहून जातो आणि माती विटेसारखी बसते. नुसतं वरून खत घालून ती सुधारत नाही. कुंडी पूर्ण उपडी करा, जुनी मुळं काढा, ढेकळं फोडा, आणि तीन-चार दिवस माती पातळ पसरून रोज वरखाली करा. ही पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली जाड अळी दिसतेय? हुमणी. ही मुळं कुरतडते आणि झाड का सुकलं ते कळतही नाही. आज एका कुंडीत पाच निघाल्या. पसरलेल्या मातीतून साळुंक्या त्या अचूक टिपतात, तेव्हा सकाळी थोडा वेळ तिथून बाजूला व्हा.

मग दोन घमेली ही माती, एक घमेलं घरचं कंपोस्ट किंवा शेणखत, अर्धं घमेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. ओलं करून आठ-दहा दिवस तसंच ठेवायचं, लगेच रोप लावायचं नाही. पाचोळाही आतापासून जमवा. रस्त्याकडेच्या बदामाची पानं डिसेंबरनंतर लाल होऊन गळायला लागतात, एक पोतं भरून आणलं की कुंड्यांवर आच्छादनाला उन्हाळ्यापर्यंत पुरतं.

बाकीच्या तारखा भराभर सांगते, लिहून घ्या. हरभरा ऑक्टोबर संपायच्या आत. साधा देशी हरभरा रात्रभर भिजवून पेरा, तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडा. शेंड्यांची भाजी होते आणि झाडाला फांद्याही फुटतात. पहाटे पानांना हात लावून बोट चाटून बघा, आंबट लागेल, ती हरभऱ्याची आंब. फरसबी १५ ते २० नोव्हेंबर. मुळा आणि कोथिंबीर नोव्हेंबरच्या शेवटी. मेथी १०-१५ डिसेंबर, तिला महिनाही लागत नाही. ही भोगीपुरती तारीख झाली, एरवी मेथी-पालक नोव्हेंबरपासून दर दहा दिवसांनी थोडं थोडं टाकत राहा. कोथिंबीर मात्र आत्ता, या उकाड्यात टाकू नका. नीट उगवत नाही, आणि उगवली तरी लवकर फुलावर येते. मटाराबद्दल खरं सांगते, ठाण्यात दुपारी ३० अंशांच्या वर जातं, शेंगा नावालाच धरतात. मी मटार कोवळ्या शेंड्यांसाठी लावते, दाणे बाजारातून आणते.

किडीवर वेगळा व्हिडिओ करणार आहे. आज फक्त मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. नोव्हेंबरमध्ये वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा थर दिसला की आधी बोटानं पुसा, पाण्याची धार मारा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि साबणाचे दोन थेंब, ऊन उतरल्यावर. लेडीबर्ड दिसत असतील तर फवारूच नका, त्या मावाच खातात. आणि मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामाची धूळ पानांवर बसते, आठवड्यातून एकदा सकाळी झाडं धुवून काढा.

[जमिनीवर बसून, समोर खोल क्रेट]

राहिलं गाजर, ते आज तुमच्यासमोरच पेरते. ९० ते १०० दिवस घेतं, म्हणजे आजचा दिवस चुकवून चालणार नाही. वाण ‘पुसा केसर’, आपलं देशी लाल गाजर, याला फार थंडी लागत नाही. क्रेट एक फूट खोल, माती चाळून घेतलेली, कारण खडा लागला की गाजराला दोन पाय फुटतात. बी वाळूत मिसळून रेघेत सोडायचं, वर अर्धा सेंटिमीटर माती. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावता येत नाही, जिथे पेरलं तिथेच वाढवायचं. आठवडा-दोन आठवडे उगवायला लागतात, आणि या उन्हात वरचा थर एकदाही वाळता कामा नये. म्हणून हा ओला गोणपाट, असा, चारी बाजूंनी दाबून. झारीनं सकाळ-संध्याकाळ गोणपाटावरच पाणी घालायचं. सहाव्या दिवसापासून रोज कोपरा उचलून बघायचं, पहिला हिरवा दोरा दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचा.

२१ तारखेला कॅमेरा घेऊन पुन्हा इथेच येते. कोपरा उचलून बघूया.